गोवराच्या आंघोळीची तारीख

माझं शिक्षण मराठी पाचवी. हे अगोदरच सांगून टाकतो, कारण पुढं मी रक्ताविषयी लिहिणार आहे आणि पाचवीवाल्यानं रक्ताविषयी लिहिलेलं शिकलेल्या लोकांना रुचत नाही. साताऱ्याच्या एका दवाखान्यात मी जन्मभर चाकरी केली. निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि भाषणांत तिघांनी मला 'इमानी' म्हटलं. तो शब्द माझ्या हक्काचा नाही. का, ते इथं लिहितो. दिवाळीत फराळाबरोबर गोड वाचायची सवय असेल त्यांनी खुशाल पुढचा लेख उघडावा.

आधी काम काय होतं ते सांगतो. लढाईची वर्षं होती. गोवराला तेव्हा लस नव्हती, औषधही नव्हतं. उपाय एकच. जो माणूस नुकताच गोवरातून उठलाय त्याचं रक्त काढायचं आणि बाटलीत स्वस्थ ठेवायचं. रक्त थिजून खाली बसतं आणि वर पिवळसर निवळ सुटते, दह्यावर सुटते तशी. तिला आम्ही सीरम म्हणायचो. गोवर होऊन गेलेल्या अंगात गोवराशी झुंजणारं काहीतरी तयार होतं आणि ते या निवळीत उतरतं. ज्या पोराला गोवराची लागण झाली असेल पण अजून ताप आलेला नसेल, त्याला ही निवळ टोचली तर गोवर एकतर येतच नाही, नाहीतर अंगावरून वाऱ्यासारखा जातो. मात्र गोवरवाल्याची संगत झाल्यापासून पाच दिवसांच्या आत टोचली पाहिजे. पाच दिवस उलटले की त्या सुईनं पोर रडतं, बाकी काही होत नाही.

दुसरी गोम अशी की प्रत्येकाच्या निवळीत सारखा जोर नसतो. माणूस बरा झाल्यावर दोन-तीन आठवडे तो जोर भरपूर असतो, मग हळूहळू ओसरत जातो. आमचे डॉक्टरसाहेब सांगायचे, बरा होऊन तीन महिने उलटलेल्या माणसाची निवळ असेल तर मात्रा दुप्पट द्या. माझा नातू पुण्याला लॅबमध्ये आहे. तो त्या झुंजणाऱ्या गोष्टीला अँटिबॉडी म्हणतो आणि थेंबभर रक्तावरून ती किती आहे ते आकड्यात सांगतो. मला विचारतो, "आजोबा, तुम्ही कशानं मोजायचात?" आम्ही तारखेनं मोजायचो. माणूस बरा कधी झाला ती तारीख. दुसरं आमच्याजवळ काही नव्हतं.

आणि ती तारीख आणायचं काम माझं होतं.

मी मूळचा कोकणातला. वडील वारल्यावर शाळा सुटली आणि एका मालवाहू लॉरीतून कुंभार्ली घाट चढून मी वर आलो. आधी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत आजाऱ्यांच्या खोलीत झाडलोट करायला राहिलो. तिथली थंडी मला सोसेना. अंगात एक सदरा, खाली दोन पोती. शाळेचे शिंपी हसनचाचा. मुलांचे गणवेश तेच शिवायचे. त्यांनी एकदा मला थरथरताना बघितलं आणि म्हणाले, "कोकण्या, मरशील की रं हितं. चल, माझ्या दुकानात नीज, इस्तरीची ऊब ऱ्हाती." तीन वर्षं मी त्या दुकानात निजलो. कोटांच्या उरलेल्या कापडातून त्यांनी मला आयुष्यातला पहिला कोट शिवला. माप घेताना म्हणाले, "जरा ढिला ठेवतो. अंगात मांस भरंल तुज्या कवातरी."

डॉक्टरसाहेब त्या शाळेत आठवड्याला तपासणीला यायचे. माझं हस्ताक्षर त्यांनी औषधांच्या बाटल्यांवर पाहिलं आणि मला साताऱ्याला नेलं. दवाखान्याच्या कमिटीला मॅट्रिक झालेला माणूस हवा होता. साहेब कमिटीपुढं म्हणाले, "मॅट्रिकवाला माझ्या टेबलाशी बसेल. हा डोंगर चढेल. याच्या हातचं रजिस्टर म्हणजे माझ्या हातचं समजा." दाराबाहेर उभा राहून मी ते ऐकलं. त्या दिवसापासून मला एक भीती जडली. हा माणूस आपल्यामुळं कधी खोटा पडू नये, एवढीच. पोटभर जेवतानासुद्धा ती माझ्याशेजारी बसलेली असायची.

रक्त मागायला गेलं की नाना तऱ्हेची माणसं भेटत. एक पैलवान सुई पाहूनच पडला, आणि शुद्धीवर आल्यावर मलाच दम देऊन गेला की गावात सांगितलंस तर तंगडी मोडीन. कऱ्हाडच्या बाजूच्या एका गावचे पाटील स्वतः चालून आले आणि म्हणाले, "माजं घ्या, पाटलाचं रगात हाय." घेतलं. प्रत्येकाचं थोडं रक्त पुण्याला गरमीच्या, म्हणजे बाहेरख्यालीपणातून जडणाऱ्या रोगाच्या, तपासणीला जायचं. पाटलांचं नापास होऊन आलं. आता हे त्यांना सांगायचं कुणी? साहेब म्हणाले, "तू सांग. तुझ्या तोंडून बरं वाटेल." मी सांगितलं, "पाटील, तुमचं रक्त फार जाड आहे, लेकरांच्या अंगात मावायचं नाही. थोडं पातळ करायच्या सुया घ्याव्या लागतील." पाटील मुकाट्यानं सुया घ्यायला आले, आणि चावडीवर वर्षभर सांगत राहिले, "दवाखान्यानं घेतलं न्हाई. माजं लय जाड निगालं."

एकदा बोर्डिंगमधल्या एका मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. ही निवळ कोणत्या जातीच्या माणसाच्या अंगातली, अशी चौकशी होती. साहेबांनी उलट टपाली एक ओळ लिहिली, "ज्याला गोवर झाला त्याच्या." त्या ओळीसाठी मी साहेबांची पूजा करायला तयार होतो. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना ही ओळही ध्यानात ठेवा. साहेब वाईट नव्हते.

तर तारीख. शहरात ठीक होतं, गावात मात्र ताप कधी उतरला हे कुणाला आठवायचं नाही. "झाला की, सुगीच्या टायमाला," असं उत्तर यायचं. मग मला एक युक्ती सुचली. आपल्याकडं गोवर म्हणजे आईचं येणं. घरात फोडणी बंद, तेल बंद, आजाऱ्याच्या उशाला कडुनिंब. अंग पुसतात, पण आंघोळ नाही. आई गेली की कडुनिंबाच्या पाण्यानं डोक्यावरून न्हाऊ घालायचं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. ती आंघोळ कुठलीही बाई विसरत नाही. मंगळवार होता की शुक्रवार, वर आभाळ आलं होतं की नाही, सगळं सांगते. म्हणून मी रजिस्टरात एक रकाना वाढवला आणि त्यावर 'आंघोळ' असं लिहिलं. साहेबांनी तो बघितला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे कॉलेजात शिकवत नाहीत." मी दोन दिवस हवेत होतो.

पाटणच्या पलीकडं कोयनेच्या खोऱ्यात डोंगरावर सुटी घरं होती. आठ-दहा घरांची एक वाडी. तिथं गोवर वर्षानुवर्षं फिरकत नसे, म्हणून फिरकला की मोठ्या माणसांनाही गाठायचा. ही आमच्या सोयीची गोष्ट. पोराच्या अंगातून रक्त कितीसं काढणार? धट्टाकट्टा शेतकरी गोवरातून उठलाय म्हणजे आमची दिवाळी. त्या वर्षी वैशाखात कळलं की एका वाडीत गोवर येऊन गेला. मी बाटल्या घेऊन चढलो.

दोन माणसं तयार झाली. अनसूया नावाची एक बाई आणि धोंडीबा नावाचा पहिलवानी अंगाचा गडी. बाईला विचारलं, "आंघोळ कधी झाली?"

"परवाच्या मंगळवारी."

धोंडीबाला विचारलं, "तुमची?"

"माजी बी मंगळवारीच. आमची समद्यांचीच मंगळवारी झाली." भोवतीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, परका गडी बायामाणसांपुढं आंघोळीच्या चौकशा करतो म्हणून हसतात. मीही ओशाळून हसलो आणि दोघांपुढं एकच मंगळवार लिहिला.

साहेबांनी मला शिकवलं होतं की नुकत्या उठलेल्या माणसाचं अंग बघायचं. पुरळ गेल्यावर कातडीवर मळकट डाग राहतात आणि कोंड्यासारखी साल सुटते. अनसूयाबाईच्या मानेवर ती होती. धोंडीबाचं अंग घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं. मी ते पाहिलं. पाहून मनात म्हटलं, प्रकृतीचा खणखणीत आहे गडी. माझ्या रकान्यावर माझा एवढा भरवसा होता की डोळ्यांचं ऐकायची गरज वाटली नाही. धोंडीबाच्या बाटलीला चार नंबर पडला.

पंधरवड्यानं पाचगणीच्या त्याच बोर्डिंगात गोवर निघाला. एक मुलगा सोमवारी हसनचाचांच्या दुकानात नव्या कोटाचं माप द्यायला गेला होता. घंटाभर बसला, शिंकला, खोकला. दुकानात चाचांची नात जैबू होती. तीन वर्षांची, डांग्या खोकल्यातून नुकतीच उठलेली, मानेची हाडं मोजून घ्यावीत अशी. त्या मुलानं तिला मापाच्या फितीनं मोजून दाखवलं म्हणून ती त्याला सोडेना. बुधवारी सकाळी मुंबईहून दोन भाऊ शाळेत दाखल झाले आणि नेमके त्याच मुलाच्या खोलीत उतरले. दुपारी त्या मुलाच्या कानामागं पुरळ दिसलं.

गुरुवारी साहेब आणि मी बाटल्या घेऊन निघालो. पेट्रोलची टंचाई होती, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. पसरणीच्या घाटात उतारूंनी उतरून तिला ढकलायची हे ठरलेलंच. मी एका हातानं बाटल्यांची पेटी छातीशी धरून दुसऱ्या हातानं ढकलत होतो. साहेब म्हणाले, "अरे, तू बस आत." मी म्हटलं, "नको साहेब, आत हादरे बसतात."

शाळेतल्या बाकीच्या मुलांना इतर बाटल्या पुरल्या. त्या दोघा भावांना चार नंबरातली दिली. उरली तेवढी मी साहेबांकडं मागून घेतली. "शिंप्याची नात आहे साहेब. नाजूक आहे." साहेबांनी मान हलवली, स्वतः दुकानात आले आणि टोचली. जैबूची आई शरीफा दाराआड उभी होती. तिचा नवरा पलटणीत, समुद्रापार. जैबू रडली तशी चाचा म्हणाले, "रडू नको गं, आपल्या कोकण्यानं डोंगरावरनं आणलंय तुज्यासाटी." माझ्या अंगात तोच कोट होता. तो त्या दिवशी अंगाला बरोबर बसल्यासारखा वाटला.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसला. धोंडीबाचा थोरला भाऊ, तुका. रक्त देणाऱ्याला साहेब ताकदीचं औषध देत, ती बाटली न्यायला आला होता. मी बाटली भरता भरता सहज म्हटलं, "कसा आहे धोंडीबा? महिन्यापूर्वी गोवरातून उठला, अजून अशक्तपणा असेल."

"म्हैन्यापूर्वी?" तुका म्हणाला. "आवं, त्येला तर संक्रांतीच्या आदी झालता गोवर. समद्यात पयला त्योच. त्यानं तर आणला वाडीवर, कऱ्हाडच्या बाजारातनं."

"मग आंघोळ तर वैशाखात झाली म्हणाला."

तुका लहान पोराला समजावावं तसा बोलला. "आई वाडीवर येती गड्या. एकल्या माणसावर येत न्हाई. शेवटचा माणूस उठंपतूर कुणीबी न्हायचं न्हाई. समदी उठली, मग आईला शिवंपतूर पोचवली, मग एका दिसात समद्या वाडीची आंघोळ. तुमच्यात कसं असतं?"

आमच्यात ज्याची त्याची असते. साताऱ्यात तसंच असतं, कोकणातही तसंच. मला वाटलं, सगळ्या मुलखात तसंच असेल.

तुका पुढं बोलत होता. "लय दिस ऱ्हायली आई. चार लेकरं नेली आमच्या वाडीची. तवा ही तुमची सुई कुटं हुती?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माहिती विचारावी तसं विचारलं. मी बुचाला मेण लावत होतो ते माझ्या बोटांवर सांडलं.

बसून हिशेब केला. संक्रांतीच्या आधी म्हणजे पाच महिने होत आले. चार नंबरची बाटली ओसरलेली. मात्रा दुप्पट हवी होती, आपण एकेरी दिली, आणि जैबूला तर उरलीसुरली. पण अजून वेळ होती. सोमवारपासून मोजलं तर शुक्रवार हा चौथा दिवस. दवाखान्याच्या थंड पेटीत नऊ नंबरची बाटली होती, एका नुकत्या उठलेल्या शिपायाची, राखून ठेवलेली. साहेब पलीकडच्या खोलीत होते. मधे एक पडदा होता, हिरवा.

मी पडद्यापर्यंत गेलो. आत कमिटीचे अध्यक्ष बसले होते आणि साहेब त्यांना माझंच रजिस्टर दाखवत होते. "बघा, पाचवी शिकलेल्या पोराचं काम."

मी परत फिरलो.

मनात म्हटलं, अध्यक्ष गेले की सांगू. अध्यक्ष गेले तेव्हा म्हटलं, साहेब जेवायला निघालेत, जेवून आले की सांगू. जेवून आले तेव्हा रोग्यांची रांग होती. शनिवारी ते सांगलीला एका शस्त्रक्रियेला गेले. ते सांगलीला गेले म्हणून मला किती हलकं वाटलं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दिवसभर मी बाटल्या धूत होतो आणि स्वतःशी म्हणत होतो, कोण जाणे, चार नंबरात पुरेसा जोर असेलही. धोंडीबा पहिलवान आहे.

रविवारी सकाळी बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. सगळं सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, अर्ध्या गालाला साबण तसाच.

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी, साहेब."

"आज रविवार आहे."

त्यांनी बोटांवर मोजलं. "चार नंबर कुणाकुणाला? ते दोघे भाऊ. बुधवारी आले, आज चौथा दिवस. आणि शिंप्याची नात. तिचा?"

"सहावा, साहेब."

त्यांनी दोन बोटं एका हाताची धरली आणि एक दुसऱ्या हाताचं. जरा वेळ तशीच धरून राहिले. "नऊ नंबर दोघांपुरती आहे," म्हणाले. "तिघांत वाटली तर पुन्हा तुझी चार नंबर होईल. मुलांना अजून लागू पडेल. तिला आता पडायची नाही." मग आरशात बघून उरलेल्या गालावरून वस्तरा फिरवला. "शुक्रवारी सांगितलं असतंस तर ती आधी आली असती. मुलांना दोन दिवस थांबता आलं असतं."

यापेक्षा जास्त ते मला आयुष्यात रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी पाचगणी गाठली. मुलांना टोचताना मी ताट धरून उभा होतो. बाहेर पडलो तर हसनचाचा दुकानाच्या दारात, गळ्यात फीत. "पुन्हा आलाईसा? पोरास्नी पुन्हा सुई? मंग जैबूला बी लागंल की."

साहेब पुढं निघून गेले होते. वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं होतं की शाळेत आणि शाळेबाहेर काही बोलायचं नाही, लोकांचा सुईवरचा विश्वास उडाला तर पुढची पोरं मरतील. तेही खरंच होतं. त्यांचं सगळं खरंच असायचं.

मी म्हटलं, "नाही चाचा. तिला एक पुरे."

"पुरे?"

"लहान जीव आहे. लहानाला एक पुरते."

"तू म्हंतोस म्हंजे पुरती," चाचा म्हणाले आणि आत जाऊन मला चहा आणला. मी तो प्यालो.

त्या दोघा भावांना काही झालं नाही. त्यांच्या वडिलांनी साहेबांना आभाराचं पत्र आणि शाळेला घड्याळ पाठवलं. जैबूला दहाव्या-अकराव्या दिवशी ताप भरला, मग पुरळ, मग छाती. डांग्या खोकल्यानं पोखरलेली छाती ती, किती झुंजणार? पूर्ण मात्रा मिळाली असती तर वाचली असती का, हे मी साहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." नातवालाही विचारलं. त्यानं खूप आकडे सांगितले आणि शेवटी तेच म्हणाला.

मातीला मी गेलो होतो. मूठभर माती मीही टाकली. चाचांनी माझा खांदा धरला. "तू तुजं केलंस, बेटा. खुदाची मर्जी न्हवती." आजही कुणी माझे आभार मानले की तो हात मला खांद्यावर जाणवतो.

साहेबांनी पुण्याला जो अहवाल पाठवला त्यात एक अपयश लिहिलं, कारण दिलं 'प्रकृती मुळात क्षीण'. मी रजिस्टर घेऊन गेलो आणि म्हटलं, धोंडीबापुढची तारीख खोडतो. ते म्हणाले, "राहू दे. एक खाडाखोड दिसली की सगळ्या तारखांवर संशय येतो." माझा पगार चालू राहिला, जागा चालू राहिली. पुढं साहेबांनीच माझं लग्न लावून दिलं. मी त्यांच्या ऋणातून उठलो नाही, आणि त्या ऋणानंच शुक्रवारी माझं तोंड धरलं हेही त्यांना कधी म्हणालो नाही. आपल्याला कुणी वर ओढून घेतलेलं असलं की चूक झाल्याचं सांगणं म्हणजे त्याचा हात सोडणं वाटतं. मला तसं वाटलं. ज्याला तसं वाटणार नाही त्यानंच लोकांच्या जिवाचं काम करावं.

'आंघोळ' हा रकाना मी बंद केला. त्याजागी तीन प्रश्न घातले. गोवर कुणाच्या पाठोपाठ आला, साल कधी सुटली, पहिल्यांदा भूक लागून जेवायला कधी मागितलं. या तीन प्रश्नांतून तारीख बरोबर निघते. नंतरची कैक वर्षं निघाली. त्यानं वाचलेली पोरंही असतील. ती मोजायला मी कधी बसलो नाही.

जैबू गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी हसनचाचा साताऱ्याला दवाखान्यात आले. बरोबर शरीफा. तिचं माहेर डोंगरातलं, कोयनेच्या बाजूचं, म्हणून तिला लहानपणी गोवर झालेलाच नव्हता. लेकीची सेवा करता करता तिला झाला. गळ्यावर मळकट डाग होते, कोपरांवर कोंडा सुटला होता. रजिस्टरात पाहिजे तसं अंग.

चाचा म्हणाले, "ही म्हंती माजं रगात घ्या. मी म्हटलं अशक्त हायेस, ऱ्हाऊ दे. ऐकना."

साहेबांनी तपासलं आणि थोडंच काढायला सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर दातांत धरला आणि हात पुढं केला. मी सुई घातली. ती बाटलीकडं बघत राहिली, भरत जाणाऱ्या.

सगळं आटोपल्यावर रजिस्टर उघडलं. नाव, वय, गाव लिहिलं. माझे तीन प्रश्न पुढं होते. तीनपैकी एकही माझ्या तोंडून निघेना. टाक दौतीत बुडवून तसाच धरून बसलो, शाईचा थेंब कागदावर पडला.

तिनंच सांगितलं. "जैबूला नेली त्याच्या दुसऱ्या दिशी उतरला ताप. सकाळी. मी भाकरी मागून खाल्ली." तिनं बाटलीकडं बघितलं. "लाज वाटली मला, भूक लागली त्याची."

मी तारीख लिहिली. एवढी पक्की तारीख माझ्या रजिस्टरात आधी नव्हती आणि नंतरही आली नाही. कुणाला विचारायची, पडताळायची गरज नव्हती. आदल्या दिवशी मी तिथंच होतो, हातात माती घेऊन.

चाचा बाहेर टांगा बघायला गेले. शरीफा उठली. दाराशी जाऊन वळली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलली.

"हे ज्या लेकराला देशीला, भाई, त्येला येळंवर द्या."

तिला काय ठाऊक होतं, कुणी सांगितलं होतं, की नुसतंच आपलं ती बोलली, हे मी विचारलं नाही. चाचांनी टांगा आणला, ती बसली आणि ते निघून गेले. मी बाटलीवर नंबर टाकला, तारीख टाकली, आणि पेटीत सगळ्यांत पुढं ठेवली. चारच दिवसांनी ती लागली. मेढ्याकडच्या एका मोलकरणीचा मुलगा होता. संगतीचा दुसरा दिवस.

पेटी घेऊन मी पळत गेलो. साहेब मागून ओरडले, "अरे, एवढी घाई कसली, तीन दिवस आहेत अजून."